मीत गम्र: नाईलकाठची बिनव्याजी पेढी

रमजान आला की आमच्या मोहल्ल्यात मौलानासाहेबांना दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला जकातीच्या हिशेबाचा आणि दुसरा बँकेत जमा झालेल्या व्याजाचा. या पैशाचे काय करायचे? कोणी ते बँकेतच सोडून देतो, कोणी सार्वजनिक शौचालयाच्या दुरुस्तीला देतो, कोणी सवाबची नियत न करता एखाद्या गरजूच्या हातावर ठेवतो. प्रश्न प्रामाणिक असतो आणि विचारणाराही इमानदार असतो. पण तिसरा एक प्रश्न आहे, तो सहसा कोणी विचारत नाही. त्याच मशिदीच्या दाराशी फळांची हातगाडी लावणारा आमचा भाऊ सकाळी नऊशे रुपये उचलतो आणि संध्याकाळी हजार परत करतो. दिवसाला शंभर रुपये व्याज! त्याचे काय?

घ्यावे न लागणारे व्याज आम्हाला टोचते. द्यावे लागणारे व्याज मात्र आम्ही त्याच्या नशिबावर सोडून देतो. व्याज हराम आहे, हे सांगणारे वाझ आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. व्याजाशिवाय त्या हातगाडीवाल्याचे भांडवल उभे कसे करायचे, हे सांगणारे फार थोडे भेटले. म्हणूनच साठ वर्षांपूर्वी इजिप्तमधल्या एका लहानशा गावात झालेल्या प्रयोगाची हकीकत येथे मांडावीशी वाटते. इस्लामी अर्थशास्त्रावरच्या जवळजवळ प्रत्येक ग्रंथात मीत गम्र हे नाव येते. पण ते एका ओळीत येते आणि पुढे दुबई, जिद्दा, क्वालालंपूरच्या मोठ्या बँकांचे वर्णन सुरू होते. आम्हाला त्या मोठ्या बँकांपेक्षा हे लहान गाव अधिक जवळचे वाटते. ते का, हे पुढे स्पष्ट होईल.

मीत गम्र हे नाईलच्या त्रिभुज प्रदेशातील, दकहलिया प्रांतातील गाव. नाईलचा दमिएत्ता फाटा त्याच्या पायथ्याशी वाहतो. नदीपलीकडे जिफ्ता हे गाव आहे. १९१९ च्या इंग्रजविरोधी उठावात जिफ्ताच्या लोकांनी आपले गाव स्वतंत्र झाल्याचे जाहीर केले होते. सभोवार कापसाची शेते आणि त्या शेतांत राबणारे फल्लाह, म्हणजे शेतकरी. आमच्या विदर्भाशी किंवा खानदेशाशी नाते जुळावे असा हा मुलूख आहे, आणि हे नाते केवळ कल्पनेतले नाही.

१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले. तिकडचा कापूस बंद पडताच लँकेशायरच्या गिरण्यांनी दोन मुलुखांकडे हात पसरले. एक हिंदुस्थान, दुसरा इजिप्त. दोन्हीकडे कापसाचे भाव कडाडले. दोन्हीकडच्या शेतकऱ्याला वाटले, आता आपले दिवस फिरले. त्याने कर्ज काढले आणि सावकारानेही ते हात सैल सोडून दिले. युद्ध संपले, भाव कोसळले, कर्ज मात्र राहिले. इकडे १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांतील कर्जरोखे बाहेर काढून जाळले. दख्खनचे दंगे म्हणून ते इतिहासात प्रसिद्ध आहेत. त्यांच्या चौकशीतून १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. त्याच १८७५ साली, नोव्हेंबर महिन्यात, इजिप्तच्या खेदिव इस्माईलने कर्जाच्या ओझ्यापायी सुएझ कालव्यातील आपले शेअर चाळीस लाख पौंडांना ब्रिटिश सरकारला विकून टाकले. पुढच्याच वर्षी देशाच्या तिजोरीवर युरोपियन सावकारांची देखरेख बसली आणि १८८२ मध्ये इंग्रजी फौज उतरली. सुप्यात कर्जापायी शेतकऱ्याची जमीन चालली होती, कैरोत अख्ख्या देशाची मोकळीक गेली. इजिप्तमधील लहान शेतकऱ्याची शेवटची पाच फद्दान जमीन सावकाराने जप्त करू नये, यासाठी तिथेही १९१२ मध्ये कायदा करावा लागला.

कायद्याने जप्ती थांबते, गरज थांबत नाही. बियाणे हवे, बैल हवा, मुलीचे लग्न करायचे आहे, तर पैसा आणायचा कोठून? हा प्रश्न जर्मनीतल्या शेतकऱ्यापुढेही होता. तिथे १८४६-४७ च्या दुष्काळी हिवाळ्यात रायफायझेन नावाच्या एका गावच्या मेयरने लोकांना एकत्र करून भाकरीची सोय केली आणि पुढे त्यातून गावापुरत्या पतपेढ्या उभ्या केल्या. एकमेकांना ओळखणाऱ्या माणसांनी एकमेकांच्या जबाबदारीवर एकमेकांना कर्ज द्यायचे, हे त्याचे साधे सूत्र होते. मद्रास सरकारच्या फ्रेडरिक निकल्सन यांनी १८९५ ते १८९७ च्या दरम्यान दिलेल्या अहवालात हिंदुस्थानला अशाच रायफायझेनची गरज आहे असे सांगितले, आणि १९०४ मध्ये आपल्याकडे सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. महाराष्ट्रातील सहकाराचा वटवृक्ष, अगदी विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रवरानगरच्या १९५० सालच्या साखर कारखान्यापर्यंतचा, याच बीजातून आला. जर्मन गावच्या याच परंपरेची दुसरी फांदी पुढे मीत गम्रला फुटली, ही गोष्ट मात्र आमच्या लोकांना फारशी ठाऊक नसते.

ती फांदी लावणाऱ्याचे नाव अहमद अल-नज्जार. जर्मनीत अर्थशास्त्राचा अभ्यास करताना या तरुणाने तिथल्या गावोगावच्या बचत बँका पाहिल्या. युद्धाने उद्ध्वस्त झालेला तो देश पुन्हा उभा राहत होता, आणि त्यात सामान्य माणसाच्या लहान लहान बचतीचा मोठा वाटा होता. नज्जार यांना आपल्या फल्लाहची आठवण झाली. तो बचत करत नव्हता काय? करत होता; पण ती मातीच्या मडक्यात, बायकोच्या बांगड्यांत किंवा गोठ्यातल्या म्हशीत. बँकेच्या पायरीवर तो चढत नव्हता. एक तर बँक शहरातल्या साहेबांची, आणि दुसरे म्हणजे बँकेत व्याज. विसाव्या शतकाच्या आरंभी इजिप्तच्या टपाल खात्याने बचत योजना काढली, तेव्हाही अनेक ठेवीदारांनी आपले व्याज घेण्यास नकार दिला होता आणि त्यावर मार्ग काढण्यासाठी प्रकरण मुफ्ती मुहम्मद अब्दुह यांच्यापर्यंत गेले होते. म्हणजे गरीब माणूस आपल्या श्रद्धेसाठी नुकसान सोसत होता आणि देशही त्याच्या बचतीला मुकत होता.

२५ जुलै १९६३ रोजी मीत गम्रची बचत बँक उघडली. जर्मन बचत बँकांचे सहकार्य तिला होते. सरकार जमाल अब्दुल नासिर यांचे, समाजवादाची घोषणा देणारे आणि धर्माच्या नावाने चालणाऱ्या संघटनांकडे संशयाने पाहणारे. त्यामुळे बँकेच्या नावात 'इस्लामी' हा शब्द नव्हता. पाटीवर नव्हता, पण व्यवहारात होता. आमच्याकडे आज अनेक ठिकाणी नेमके उलटे दिसते.

नज्जार आणि त्यांचे सहकारी कचेरीत बसून राहिले नाहीत. ते गावोगाव फिरले, मशिदीत लोकांबरोबर नमाज पढले, त्यांच्याशी त्यांच्याच बोलीत बोलले. बँकेत तीन प्रकारची खाती होती. पहिले बचत खाते. त्यात अगदी चिल्लर रक्कमही चाले, हवी तेव्हा काढता येई आणि व्याज मिळत नसे. मात्र काही काळ नियमित बचत करणाऱ्याला अडचणीच्या वेळी लहानसे बिनव्याजी कर्ज, म्हणजेच कर्ज-ए-हसना मिळे. दुसरे गुंतवणुकीचे खाते. त्यातील पैसा बँक लहान उद्योगधंद्यांत भागीदारीने घाली. नफा झाला तर तो ठरल्या प्रमाणात वाटून घ्यायचा, तोटा झाला तर तोही सोसायचा. तिसरे जकात आणि सदक्याचे खाते. ज्याच्याजवळ बचत करायलाही काही नाही, किंवा ज्याच्यावर अचानक संकट कोसळले, त्याच्यासाठी.

या तीन खात्यांकडे पुन्हा एकदा नीट पाहिले पाहिजे. इस्लामी अर्थविचाराचे सारे सार त्यांत आहे. ज्याला तातडीची गरज आहे, त्याच्या गरजेवर नफा कमवायचा नाही, म्हणून कर्ज-ए-हसना. ज्याला धंदा करायचा आहे, त्याच्या नफ्यात भाग घ्यायचा असेल तर त्याच्या जोखमीतही भाग घ्यायचा. म्हणून मुदारबा आणि मुशारका. आणि जो या दोन्हींच्या पलीकडे आहे, त्याच्यावर कर्जाचे ओझे टाकायचेच नाही; म्हणून जकात. सूरह बकराच्या २८० व्या आयतीत अडचणीतल्या कर्जदाराला सवड देण्याची आणि शक्य असेल तर कर्ज माफ करण्याची शिकवण आहे. सूरह तौबाच्या ६० व्या आयतीत जकातीचे जे आठ हक्कदार सांगितले, त्यांत कर्जाखाली दबलेला माणूसही आहे. बँकेतले व्याज हे कुरआनमधील रिबाच आहे काय, यावर उलेमांत आणि अभ्यासकांत दीर्घ वाद आहे. त्या वादाचा निकाल आम्ही येथे लावू पाहत नाही. पण दिवसाला शंभर रुपये घेणाऱ्या त्या नऊशे रुपयांच्या कर्जाविषयी वाद असण्याचे कारणच काय?

मीत गम्रच्या लोकांनी या प्रयोगाला काय उत्तर दिले? पहिल्या वर्षअखेर साडेसतरा हजारांच्या आसपास ठेवीदार झाले. १९६७ पर्यंत शाखा नऊ झाल्या आणि ठेवीदार अडीच लाखांच्या घरात गेले. बहुतेकांनी आयुष्यात पहिल्यांदाच बँकेची पायरी चढली होती. कर्जदार शेजारच्याच गल्लीतला असल्यामुळे त्याची पत कागदावर तपासावी लागत नव्हती. आपण बुडवलेला पैसा हा शेजारच्या विधवेचा पैसा आहे, हे घेणाऱ्यालाही ठाऊक होते.

आणि मग १९६७ साली हा प्रयोग थांबला. दिवाळे निघाले म्हणून नव्हे. सरकारने या बँका ताब्यात घेऊन राष्ट्रीय बँकांच्या व्यवस्थेत सामील केल्या आणि तिथे पुन्हा व्याजाचा व्यवहार सुरू झाला. गावच्या माणसांनी, गावच्या पैशाने आणि त्यातही धर्माच्या भावनेने एवढे मोठे संघटन उभारावे, हे त्या वेळच्या राज्यकर्त्यांच्या पचनी पडणारे नव्हते. पश्चिम जर्मनीशी असलेले इजिप्तचे राजनैतिक संबंधही १९६५ मध्येच तुटले होते. चार वर्षांचे मूल चालायला लागले होते, तोच त्याचे बोट सोडवले गेले.

पण बीज वाया गेले नाही. १९७१ मध्ये इजिप्त सरकारनेच नासिर सोशल बँक स्थापन केली आणि तिचा व्यवहार बिनव्याजी ठेवला. १९७५ मध्ये दुबई इस्लामिक बँक निघाली आणि जिद्द्यात इस्लामिक डेव्हलपमेंट बँकेचे काम सुरू झाले. तेलाचा पैसा आला, काचेच्या इमारती आल्या, शरिया सल्लागार मंडळे आली. स्वतः नज्जार पुढे या चळवळीचे एक अध्वर्यू झाले. मात्र या प्रवासात एक गोष्ट मागे राहिली, आणि ती म्हणजे फल्लाह. मोठ्या इस्लामी बँकांचा बहुतेक व्यवहार माल विकत घेऊन ठरावीक नफा चढवून हप्त्याने विकण्याचा, म्हणजे मुराबहाचा झाला. फिकहच्या दृष्टीने तो जायज असेलही. परंतु तारण देऊ शकणाऱ्या माणसालाच तो परवडतो. भागीदारी, जोखीम आणि गल्लीतली ओळख या मीत गम्रच्या तीन खुंट्या होत्या. त्याच ढिल्या पडल्या.

त्याच १९६३ साली, सप्टेंबर अखेर, मलायात दुसरा एक प्रयोग सुरू झाला. तिथला खेडूत मुसलमान हजला जाण्यासाठी पैसे गादीखाली साठवी, नाही तर शेत आणि गुरे विकी, आणि परत आल्यावर कंगाल होई. उंगकू अब्दुल अजीज या अर्थतज्ज्ञाने १९५९ मध्येच त्यावर योजना मांडली होती. हजची बचत एकत्र करायची, ती हलाल उद्योगांत गुंतवायची आणि नफा यात्रेकरूला द्यायचा. तीच संस्था आज ताबुंग हाजी म्हणून ओळखली जाते. आमच्या कोकणातल्या वाचकांना तो खेडूत परका वाटणार नाही. ताबुंग हाजी टिकली, कारण तिला राज्याचा आणि कायद्याचा आधार होता. मीत गम्रला तो मिळाला नाही. लोकांचा विश्वास आणि कायद्याची मान्यता या दोन्ही गोष्टी लागतात, एकावर भागत नाही, हा या दोन प्रयोगांचा धडा आहे.

आपल्या देशातही हात बांधून कोणी बसले नव्हते. देवबंदला १९६१ मध्ये, म्हणजे मीत गम्रच्याही दोन वर्षे आधी, मुस्लिम फंड सुरू झाला. गरीब माणसाने दागिना तारण ठेवून बिनव्याजी कर्ज घ्यायचे आणि सावकाराच्या दाराशी जायचे टाळायचे, ही त्याची रीत. मुंबईत १९७६ मध्ये बैतुन्नस्र ही बिनव्याजी पतसंस्था निघाली. सीमेपलीकडे लाहोरला २००१ मध्ये डॉ. अमजद साकिब यांनी दहा हजार रुपयांच्या एका कर्जाने 'अखुवत'चा आरंभ केला. ती संस्था मशिदीत बसून कर्ज वाटते, गरज पडली तर चर्चमध्ये आणि मंदिरातही वाटते, आणि घेणाऱ्याचा धर्म विचारत नाही. २०२१ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

आमच्या देशातील मोठी वाट मात्र अद्याप बंदच आहे. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालाने दाखवून दिले की काही बँकांनी मुस्लिम वस्त्यांना कर्जासाठी नकारात्मक विभाग ठरवून टाकले होते. २००८ मध्ये रघुराम राजन समितीने बिनव्याजी बँकिंगचा विचार व्हावा अशी शिफारस केली. त्यावर बराच खल झाला आणि अखेर २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने माहिती अधिकारातील एका उत्तरात हा प्रस्ताव पुढे न नेण्याचा निर्णय झाल्याचे सांगितले. या निर्णयाबद्दल आम्हाला खंत आहे. पण या खंतीआड लपून आपली जबाबदारी आम्ही टाळत आहोत काय, हेही तपासले पाहिजे. सहकारी पतसंस्थेच्या चौकटीत राहून सभासदांना बिनव्याजी कर्ज देता येते आणि प्रत्यक्ष खर्चापुरते सेवाशुल्क घेता येते. कायद्याने मोठा दरवाजा उघडला नसेल, खिडकी मात्र उघडी आहे.

या खिडकीकडे न पाहता आमची माणसे भलत्याच दरवाजातून धावली, हेही प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. हलाल नफ्याच्या नावाने दरमहा मोठी रक्कम देण्याचे आमिष दाखवणाऱ्या कंपन्या गेल्या काही दशकांत ठिकठिकाणी निघाल्या आणि बुडाल्या. २०१९ मध्ये बंगळुरूत अशीच एक कंपनी कोसळली, तेव्हा हजारो कुटुंबांची आयुष्यभराची पुंजी गेली. त्यात निवृत्त शिक्षक होते, विधवा होत्या, मुलीच्या लग्नासाठी दागिने मोडणारे आईबाप होते. दाढी पाहिली, टोपी पाहिली, बिस्मिल्लाह लिहिलेले कागद पाहिले. हिशेब मात्र कोणी पाहिला नाही. मीत गम्रचे नेमके उलटे असे हे चित्र आहे. तिथे पाटीवर धर्म नव्हता आणि वही उघडी होती. इथे पाटीवर धर्म होता आणि वही बंद.

हिजरतीनंतरच्या मदिनेची एक हकीकत हदीसच्या ग्रंथांत आली आहे. मक्केहून आलेले मुहाजिर रिकाम्या हाताचे होते. पैगंबरांनी (स.) एकेका मुहाजिरचे एकेका अन्सारशी भाऊपण जोडून दिले. सअद बिन रबीअ (रजि.) यांनी आपली अर्धी मालमत्ता अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांच्यापुढे ठेवली. अब्दुर्रहमान यांनी त्यांना दुआ दिली आणि बाजार कोणत्या बाजूला आहे, एवढेच विचारले. तूप आणि पनीर विकून त्यांनी धंदा सुरू केला आणि थोड्याच काळात ते आपल्या पायावर उभे राहिले. या हकीकतीत देणाऱ्याचे मन मोठे आहे आणि घेणाऱ्याची मान ताठ आहे. समाजाच्या आर्थिक उन्नतीसाठी या दोन्ही गोष्टी लागतात. आम्ही पहिलीवरच थांबलो. रमजानमध्ये शिधा वाटतो, साड्या वाटतो, रांगा लावतो. पुढच्या रमजानमध्ये तीच माणसे त्याच रांगेत दिसतात आणि आम्हाला त्याचे नवल वाटत नाही. बाजाराची वाट विचारणाऱ्याला वाट दाखवणारा मोहल्ला आम्ही उभा केला नाही.

तो उभा करण्यासाठी पैसा नाही, असे कोणी म्हणेल तर ते खरे नाही. खेड, चिपळूण, श्रीवर्धन, म्हसळ्याकडच्या गावांत आखाताच्या कमाईतून बांधलेली, वर्षातले दहा महिने कुलूपबंद असलेली घरे आम्ही पाहतो. त्याच तालुक्यांत जाळे दुरुस्त करायला पैसे नाहीत म्हणून होडी किनाऱ्यावर ओढून ठेवलेला मासेमारही आम्ही पाहतो. मालेगाव-भिवंडीत सुताच्या व्यापाऱ्याने दिलेल्या सुतावर मजुरीने कापड विणून देणारा मागवाला आयुष्यभर दुसऱ्याच्याच मालावर राबतो. पैसा आहे आणि गरजही आहे. दोन्ही एकाच जमातीत आहेत, कधी कधी एकाच सफमध्ये खांद्याला खांदा लावून उभी आहेत. मधला पूल तेवढा नाही.

हा पूल आमच्या आयाबहिणी फार पूर्वीपासून बांधत आल्या आहेत. त्याला त्या भिशी म्हणतात. दहा-वीस जणींनी दरमहा ठरावीक रक्कम काढायची आणि पाळीपाळीने एकेकीने सगळी उचलायची. घरात आजारपण असेल तर तिची पाळी आधी. त्यात व्याज नाही, तारण नाही, अर्ज नाही, आणि पैसे सहसा बुडत नाहीत. नाईलकाठच्या बायकाही हेच करतात. तिथे त्याला 'गमइय्या' म्हणतात. नज्जार जर्मनीहून पद्धत शिकून आले हे खरे, पण ज्या मातीत ती रुजली, ती माती या बायकांनी आधीच नांगरून ठेवली होती.

तेव्हा आम्हाला सुचवायचे आहे ते फार मोठे नाही. प्रत्येक जमातीने, प्रत्येक मोहल्ल्याने भिशी चालवणाऱ्या दोन-चार जाणत्या बायकांना आणि हिशेबाला पक्क्या अशा दोन-चार तरुणांना एकत्र बसवावे. रीतसर नोंदणी करावी. वही दर जुम्म्याला सर्वांसाठी उघडी ठेवावी. बचत, भागीदारी आणि जकात यांचे पैसे कधीही एकमेकांत मिसळू नयेत. आणि शेजारचा बिगरमुस्लिम भाऊ कर्ज मागायला आला तर त्यालाही त्याच अटींवर द्यावे, कारण सावकाराचा जाच त्यालाही तेवढाच आहे. सुप्याला रोखे जाळणाऱ्यांचे दुःख आणि मीत गम्रच्या फल्लाहचे दुःख एकच होते, हे इतिहासाने दाखवलेच आहे.

पुढचा रमजान येईल, तेव्हा मौलानासाहेबांना नेहमीचे दोन प्रश्न विचारले जातीलच. त्यांच्याबरोबर त्या हातगाडीवाल्याचा तिसरा प्रश्नही आम्ही विचारावा. त्याचे उत्तर मात्र मौलानासाहेबांनी एकट्याने द्यायचे नाही. ते आपण सर्वांनी मिळून द्यायचे आहे.